एक रविवार मुलांचा

"डॉक्टर, मूल मोबाईल सोडीत नाही, एखादे टॉनिक द्या," ही विनंती आता माझ्या दवाखान्यात नित्याचीच झाली आहे. अशा पालकांना मी विचारतो, "याला अष्टूर दाखविले का?" बीदरपासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर बहामनी सुलतानांच्या कबरींचे घुमट उभे आहेत. शहरातच महमूद गवानाने १४७२ साली उभारलेला मदरसा आहे. नौबादला जमिनीखालून पाणी वाहून नेणारा करेझ आहे. बसवकल्याण ही तर चालुक्यांची राजधानी. विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली ती तेथेच. सकाळी दशम्या बांधून निघावे, दिवेलागणीला परतावे.

हा सल्ला देताना मन मात्र खाते. दवाखाना बंद ठेवणे मला कधी जमले नाही. बीदरमध्येच वाढलेल्या माझ्या मुलाने गवानाचा मदरसा प्रथम पाहिला तो बंगळूरच्या मित्रांसमवेत, पाहुण्यासारखा. इतरांची मुले तपासता तपासता माझे मूल मोठे झाले.

व्यवसायबंधूंनो, लांबच्या सहलीची वाट पाहू नका. तातडीच्या रुग्णांसाठी आपापसांत पाळी ठरवून महिन्यातील एक रविवार तरी दवाखाना बंद ठेवा. बालपणाला फेरतपासणीची तारीख देता येत नाही.