पहिला संशयित

रहस्यकथेच्या वाचकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्याच्यावर पहिला संशय येतो, तो बहुधा निर्दोष असतो. मात्र तोच वाचक वर्तमानपत्रात अटकेची बातमी वाचतो, तेव्हा आरोपीला लगेच गुन्हेगार ठरवून मोकळा होतो. अशा आरोपीला सरकारी खर्चाने वकील कशाला, असेही विचारले जाते.

अमेरिकन लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर (१८८९–१९७०) यांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. कायद्याची पदवी नसताना, वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करीत त्यांनी अभ्यास केला आणि १९११ मध्ये कॅलिफोर्नियात सनद मिळवली. गरीब चिनी व मेक्सिकन स्थलांतरितांचे खटले त्यांनी चालवले. पुढे ते दिवसा वकिली आणि रात्री लेखन करू लागले. १९३३ मध्ये अवतरलेला त्यांचा पेरी मेसन हा वकील ८० हून अधिक कादंबऱ्यांचा नायक झाला. परंतु मेसनचे अशील कल्पनेतले होते. खरे निरपराध तुरुंगात खितपत होते. म्हणून १९४८ मध्ये गार्डनर यांनी एका मासिकाच्या साहाय्याने तज्ज्ञांना एकत्र आणले आणि अन्यायाने शिक्षा झालेल्यांच्या प्रकरणांची फेरतपासणी सुरू केली.

तथापि, गरिबाचा बचाव एखाद्या सहृदय वकिलाच्या दयेवर अवलंबून राहणे योग्य नव्हे. भारतात १९७६ मध्ये संविधानात अनुच्छेद ३९-क समाविष्ट करून मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व स्वीकारले गेले. बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांसंबंधीच्या हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हे साहाय्य मूलभूत हक्काशी जोडले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा कायदा १९९५ मध्ये अमलात आला. त्यानुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज करता येतो.

हा खर्च म्हणजे गुन्हेगारावर केलेली मेहेरबानी नव्हे. पुरावा तपासून पाहणारा कोणी नसेल, तर निरपराधाला शिक्षा होते आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. रहस्यकथेत सत्य शेवटच्या पानावर प्रकट होतेच, कारण लेखकाने ते आधीच ठरवलेले असते. न्यायालयात ते प्रकट व्हावे, यासाठी पहिल्या संशयिताच्या बाजूनेही कोणीतरी उभे राहावे लागते.