गोसीखुर्दचे पाणी आणि आपला वैद्यधर्म

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या असलेल्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी 1988 मध्ये झाली. 2009 मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मात्र नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि हा सारा मळ अखेर याच जलाशयात येतो. ज्यांनी धरणासाठी घरे-शेते सोडली, त्यांच्याच वाट्याला अस्वच्छ पाण्याची चिंता यावी, ही खेदाची बाब आहे.

अशा गावांना शुद्ध पाणी पुरविण्यासाठी वैद्य व औषधविक्रेते यांनी एकत्र येऊन सार्वजनिक न्यास स्थापन करावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे. अतिसार, कावीळ, विषमज्वर यांचे रुग्ण आपण तपासतो, औषधे देतो. परंतु निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी असेल, तर दूषित पाणी तसेच ठेवून केलेली चिकित्सा अपुरीच म्हणावी लागेल.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील 45 व्या अध्यायात जलशुद्धीचे उपाय दिले असून त्यांत कतक म्हणजे निवळीचे बीज आहे. निवळीने गढूळपणा खाली बसतो. उकळल्याने जंतू मरतात. पण पाण्यात विरघळलेले नायट्रेट, फ्लोराइड वा जड धातू या उपायांनी जात नाहीत. उकळून पाणी आटले, तर त्यांचे प्रमाण उलट वाढते. म्हणून ग्रंथाभिमानापोटी निवळीची पुडी वाटून समाधान मानू नये.

न्यासाने प्रथम प्रत्येक स्रोताची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी, आढळलेल्या दोषानुसार यंत्रणा निवडावी आणि तिच्या देखभालीचा खर्च आरंभीच राखून ठेवावा. देखभालीअभावी बंद पडलेले यंत्र गावाचा विश्वासही घालविते. जलजीवन मिशन 2019 पासून सुरू असल्याने ग्रामपंचायतीस सोबत घ्यावे. शासनाची जबाबदारी आपल्या शिरावर घेऊन त्यास मोकळे करू नये. नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करून हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचावा. आणि मुख्य म्हणजे, पाण्याच्या टाकीवर कोणत्याही औषधालयाची जाहिरात नसावी.

रुग्णसंख्या घटली तर आपला व्यवसाय घटेल, अशी शंका कोणी घेईल. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे ज्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे, त्याच्या उपासकांना ही हानी भूषणावहच वाटली पाहिजे.