मेंदूतले दिवे

रात्री लोकलनं भाईंदरची खाडी ओलांडताना नायगाव कधी नीट पाहिलंय? एका बाजूला टॉवर्स झगमगतात, दुसरीकडे गावातले तुरळक दिवे. मध्येच मिठागरांचा मिट्ट काळोख. वीज तीच, पण दिवे वेगळे. मेंदूचा फंडा साधारण हाच आहे, बॉस! जनुकांचा संच प्रत्येक पेशीत जवळपास सारखाच. कुठल्या भागात कुठली जनुकं 'ऑन', यावर त्या भागाचं काम ठरतं.

या दिव्यांचा नकाशा काढायला मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलननं २००३ मध्ये १० कोटी डॉलर दिले. सिॲटलमध्ये उंदराच्या मेंदूचे २५ मायक्रॉन जाडीचे काप केले गेले. एका कापावर एकच जनुक शोधायचं. ते जिथे चालू, तिथे रंग चढतो. असं करत सुमारे २० हजार जनुकं! २००६ मध्ये नकाशा पूर्ण झाला आणि चक्क फुकट इंटरनेटवर आला. मला तर हे 'फुकट'च सगळ्यात भारी वाटतं.

पण दिवा कुठे लागलाय हे कळलं, तरी भाग घडवतं कोण? त्यावर सॉलिड काम झालंय आपल्या कुलाब्यात, टीआयएफआरमध्ये. डॉ. शुभा टोळे (ज्या कथकही करतात!) आणि त्यांच्या टीमनं २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये एल-एच-एक्स-टू या जनुकाची गोष्ट मांडली. उंदराच्या गर्भात काही पेशींतून हे जनुक काढलं, तर त्या स्वतःचं काम सोडून शेजाऱ्यांना हुकूम सोडू लागल्या. शेजारी निमूटपणे हिप्पोकॅम्पस बनले, तेही नको त्या जागी! सोसायटीच्या कमिटीत असे नमुने आपण पाहतोच.

हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग. अल्झायमरचा घाला लवकर पडतो तो इथेच. म्हणूनच हा विषय मला लॅबपुरता वाटत नाही. माझ्या आजीला लहानपणीचं मिठागर लख्ख आठवतं, पण सकाळचा चहा झाला की नाही, ते दुपारी आठवत नाही. उंदराच्या नकाशातून तिच्यासाठी उद्या गोळी निघणार नाही, हे मलाही कळतं. पण बिघाड शोधायचा तर आधी धड मेंदूचा नकाशा हवाच ना! २०२३ मध्ये तर उंदराच्या मेंदूत पेशींचे ५,३०० हून जास्त प्रकार मोजले गेले.

परवा आजीला तो रंगीत काप स्क्रीनवर दाखवला. म्हटलं, ग्रीकमध्ये या भागाचं नाव समुद्रघोड्यावरून पडलंय. तिनं चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं.

"घोडा कुठला गो? सुकवलेली कोलंबी आहे ही."