पेशी, पिशवी आणि वकील

जनवाड्याहून बीदरच्या कोर्टात पेशीला आलेला शेतकरी बाकावर पिशवी मांडीशी धरून बसतो. आत पहाणीचे उतारे, जुन्या वाटणीचा कागद, चार भाकरी. घरची बोली मराठी, कागद कन्नडमध्ये. वकीलसाहेब सांगतील तोच त्याचा कायदा. म्हणून दोन वकील एकमेकांवर आवाज चढवतात, तेव्हा नुकसान त्याचं होतं: पेशी पुढे जाते, दिवस आणि मजुरी बुडते.

नियम स्पष्ट आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडिया सांगते की, वकिलाने अशिलाचं नुसतं मुखपत्र होऊ नये, तो गैरमार्गाला लागला तर त्याला आवरावं, आणि समोरच्या पक्षाशी त्याच्या वकिलामार्फतच बोलावं. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत. ‘वकील दुसऱ्या कोर्टात आहेत’ हे कारणही चालत नाही. प्रत्यक्षात रोज हेच कारण ऐकू येतं, याची आम्हाला चीड आहे.

काही सुधारलंही. 2008 साली हायकोर्टाचं सर्किट खंडपीठ कलबुर्गीत आलं आणि बंगळुरूची खेप वाचली. 2023 साली कर्नाटकाने वकिलांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा केला. तोही हवाच होता. आता बीदर-कलबुर्गीच्या वकील संघांनी एवढं तरी करावं: ज्येष्ठांनी नवोदितांची भाषा तिथल्या तिथे सुधारावी, आणि पेशी पुढे जाणार असेल तर आदल्या संध्याकाळी अशिलाला त्याच्या भाषेत फोन करावा. जनवाड्याची पहिली बस सुटण्याआधी.