‘फक्त फॉर्मॅलिटी’वर सही करू नका

‘अकरा महिन्यांचा करार आहे, फक्त फॉर्मॅलिटी. सही करा, बाकी सगळं पूर्वीसारखंच.’ आपल्या बाजारपेठांत याच्याइतकं महाग पडणारं दुसरं वाक्य नसेल. ते ऐकून वडीलधाऱ्यांनी सह्या केल्या की वीस-तीस वर्षांची दुकानं जातात, आणि शिकलेली मुलं नंतर वकील शोधत फिरतात.

आधी त्या सहीत काय असतं ते बघू. जुन्या दुकानाचा भाडेकरू महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या संरक्षणाखाली असतो. कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय त्याला काढता येत नाही. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी. मुदत संपली की ती संपते, आणि ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे ‘फॉर्मॅलिटी’वर सही करून तुम्ही मालकाच्या हाती आयता पुरावा देता, की जुनं भाडेकरूपण आपण होऊन सोडलं. तसं नव्हतं हे सिद्ध करण्यात मग वर्षं जातात.

माझ्या चाचांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, पागडीवर घेतलेलं. म्हातारे मालक गेले, कारभार मुलांकडे आला. इकडे चाचांचे गुडघे गेले, म्हणून जावई गल्ल्यावर बसू लागला. मालकाच्या मुलांनी एकाच दिवशी दोन कागद पाठवले. एक नोटीस, की तुम्ही पोटभाडेकरू ठेवलाय. दुसरा अकरा महिन्यांचा करार, जावयाच्या नावाने. ‘सही केलीत तर नोटीस मागे घेतो.’ एका हाताने मान धरायची आणि दुसऱ्या हाताने पेन पुढे करायचा!

जावई मदतीला बसला म्हणून तो पोटभाडेकरू होत नाही. ताबा आणि धंदा खरोखर कोणाच्या हातात आहे, हे कोर्ट बघतं. चाचांनी सही केली नाही. भाड्याच्या पावत्या जपलेल्या होत्या म्हणून आज लढता तरी येतंय. पण दुकान जावयाच्या नावावर करायला मालकाची लेखी संमती हवी होती, ती नाही. का? तर ‘जुने मालक घरच्यासारखे होते’. घरच्यासारखा माणूस गेला की त्याचा शब्दही त्याच्याबरोबर जातो.

पागडी म्हणजे चोरीचा व्यवहार, हा समजही आता सोडा. याच कायद्याच्या कलम ५६ नुसार भाडेकरूला हक्क सोडताना किंवा दुसऱ्याला देताना पैसे घेता येतात, आणि मालकाला त्या संमतीसाठी. पण कलम २६ सांगतं की करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूने परस्पर जागा दुसऱ्याला देणं बेकायदा आहे. मग पैसे उघडपणे द्या, पण संमती लेखी घ्या.

‘कागद मागितला तर संबंध बिघडतात,’ असं वडील म्हणतात. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते, साक्षीदारांसह. लिहिणं म्हणजे अविश्वास, हे आपल्याला शिकवलं कोणी?

दुसरा युक्तिवाद जास्त बोचरा आहे: ‘आपल्याला जागाच कोण देतं? अटी कुठे घालत बसणार?’ भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर पलीकडचा फोन कसा थंड पडतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पण म्हणूनच हातातली जागा सांभाळायला हवी, दुसरी सहज मिळणार नाही. आणि मालक आपल्याच मोहल्ल्यातला, रोज सलाम करणारा असला तरी नियम तोच.

माझ्या पिढीला तर सबबच नाही. हिंजवडीत टू-बीएचके भाड्याने घेताना आपण आधार, अंगठा, ऑनलाइन नोंदणी सगळं करतो. ज्या दुकानाने आपली इंजिनिअरिंगची फी भरली, त्याचा हिशेब मात्र डायरीत आणि करार तोंडी!

नवा करार होत असेल तर नूतनीकरणाचं कलम नीट वाचा. ‘परस्पर संमतीने मुदत वाढवता येईल’ यात तुम्हाला काहीच मिळत नाही. मालकाने संमती दिली नाही की विषय संपला. प्रोग्रॅममध्ये ‘नाहीतर काय’ हे लिहिलं नाही तर तो नेमका तिथेच कोसळतो. करारही तसाच. मुदत वाढवून मागायचा हक्क कोणाचा, किती महिने आधी कळवायचं, नवं भाडं कोणत्या हिशेबाने, दुकान मुलाला किंवा भागीदाराला द्यायचं तर संमती किती दिवसांत, हे सगळं आकड्यांत लिहून घ्या.

आणि नोंदणी करा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे महाराष्ट्रात खरं नाही. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे आपल्या किती दुकानदारांना माहीत आहे?

येत्या रविवारी अब्बांकडून दुकानाच्या कागदांची पिशवी मागून घ्या. पावत्या कोणाच्या नावाने आहेत, शेवटची कधीची आहे, संमतीचं पत्र आहे का, बघा. नोटीस येण्याआधी बघितलेली पिशवी आणि नंतर बघितलेली पिशवी यांत एका दुकानाचा फरक असतो.