घर हेच कार्यालय. पण भाडे कोणाचे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि कचेरीत गेल्यावाचून काम होत नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज काही दिवसांतच निकालात निघाला. साथ ओसरली, तरी संगणकावरील कामाच्या अनेक आस्थापनांत आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची मुभा राहिली. तिचे स्वागत झाले, ते अकारण नव्हे.

डोंबिवलीहून मुंबईच्या फोर्ट भागात येणाऱ्या नोकरदाराचे जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात, असे धरले तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत पंचाहत्तर तास होतात. आठ तासांच्या हिशेबाने हे नऊ दिवसांहून अधिक काम झाले, आणि तेही लोकलच्या दांडीला लोंबकळून केलेले! हा वेळ वाचणे ही मोठी कमाई होय. प्रश्न असा की, ती कोणाच्या पदरात पडते?

शांघाय येथील सी-ट्रिप या प्रवास कंपनीत २०१०च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग झाला. निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष पुढे प्रसिद्ध केले. घरून दूरध्वनी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, एवढेच बहुधा उद्धृत केले जाते. परंतु त्यांपैकी सुमारे ९ टक्के वाढ प्रत्येक पाळीत अधिक मिनिटे काम झाल्यामुळे होती. विश्रांती घटली, आजारपणाच्या रजा घटल्या. कंपनीचा जागेचा खर्च वाचला तो निराळाच. पुढे निवडीची मोकळीक मिळताच घरून काम करणाऱ्यांपैकी बरेच जण कचेरीत परतले. एकाकीपणा ही त्यांची मुख्य तक्रार होती.

जागेचा खर्च 'वाचला' हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. तो खर्च नाहीसा होत नाही, मालकाच्या वहीतून कामगाराच्या वहीत जातो. दोन खोल्यांच्या घरात एक खोली कचेरीला दिली की, मुलांचा अभ्यास स्वयंपाकघरात सरकतो. विजेचे बिल, खुर्ची, पाठदुखीचे औषध, सारे घरखर्चात जमा होते.

महाराष्ट्राला हा व्यवहार नवा नाही. सोलापुरातील विडी कामगार स्त्रिया तो कित्येक दशके करीत आल्या आहेत. पाने आणि तंबाखू कारखानदाराची. जागा, दिवा आणि सूप त्यांचे. मुले सांभाळता येतात, चूल सांभाळता येते, हा लाभ खराच. पण तंबाखूची धूळ त्याच खोलीत, जेवण त्याच खोलीत, आणि मजुरी नगावर असल्याने कामाचे तास मोजण्याचे कोणालाच कारण नाही. दिवसाचा आकडा पुरा होईना म्हणून मुलींचे हातही कामाला लागत. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार म्हणून मान्यता दिली, हे त्या कायद्याचे मोठेपण. संगणकापुढे बसलेल्या पदवीधराला या स्त्रीशी आपले नाते आहे असे वाटत नाही. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ते जवळचे आहे.

इतरत्र या हिशेबाला कायद्याचे रूप येत आहे. पोर्तुगालने २०२१मध्ये घरून कामाचा वाढीव खर्च मालकावर टाकला आणि कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या वेळेत त्याच्याशी संपर्क साधण्यास मनाई केली. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा करार १९९६चा आहे. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे २०१७च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने रजेनंतर घरून कामाची सोय मालकाच्या संमतीने मान्य केली, पण खर्च व वेळ यांविषयी ती मौन बाळगते. कामाच्या वेळेनंतर दूरध्वनी न घेण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

तेव्हा या अटी पगाराच्या करारातच लिहून घ्याव्या लागतील: वीज व जागेचा भत्ता, कामाची ठरलेली वेळ, आणि इच्छा होईल तेव्हा कचेरीत परतण्याचा अधिकार. हा अधिकार सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याच्याविना घरून काम ही सवलत न राहता सक्ती होते. अडचण आहे ती मागणी करणार कोण, ही. कामगार संघटना वाढल्या त्या द्वारसभांतून, आणि घरी बसलेल्या कर्मचाऱ्याला द्वारच नाही. सोलापूरच्या स्त्रियांना वळलेल्या विड्या देण्यासाठी कारखान्यात जावे लागे. तेथे रांगेत त्या एकमेकींना भेटत, मजुरीबद्दल बोलत. त्यांच्या संघटनेच्या लढ्यातून कुंभारी येथे त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली.