चेंबर खोलणाऱ्या हातांची किंमत

गेल्या रविवारी भुईगावात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुतण्याने एका जुन्या गाडीचा चेंबर उतरवला. पुस्तकात त्याला ऑइल पॅन म्हणतात. इंजिनाच्या पोटाखाली बसवलेले हे तेलाचे भांडे. खड्ड्यात आपटून त्याला तडा गेला होता. मालकाने एक शहाणपणा केला. तेलाचा लाल दिवा लागताच त्याने इंजिन बंद केले, नाहीतर बेअरिंगे घासून इंजिनच गेले असते.

पुतण्या गाडीखाली असताना आमच्याच समाजातले एक निवृत्त अधिकारी दारावरून गेले. थांबून म्हणाले, "शिकलेल्या घरातला पोरगा आणि हे काळे हात? बाबासाहेबांनी यासाठी शिकवले का?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर द्यायलाच हवे.

आधी त्या काळ्या हातांनी काय केले ते पाहा. गाडी जॅकवर उचलली, पण जॅकच्या भरवशावर तो खाली शिरला नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या, गाडी हलवून पाहिली, मगच पाठ टेकली. कोमट तेल डब्यात काढले. बोल्ट एकदम न काढता सगळे थोडे थोडे सैल केले आणि टोकाचे दोन शेवटपर्यंत ठेवले, म्हणजे चेंबर तोंडावर पडत नाही. समुद्र जवळ, हवा खारी, त्यात २०१८ च्या जुलैतल्या पुरात गाडी पाण्यात उभी होती. एक बोल्ट गंजून बसला होता. जोर लावला असता तर तो इंजिनातच तुटला असता. पोराने गंज सोडवणारे तेल मारले आणि तासभर बाहेर येऊन बसला. चेंबर सिलिकॉनने चिकटलेला होता, तरी त्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसला नाही. पातळ पाते कडेने फिरवले. कड वाकली की नवे पॅकिंग टाकूनही गळती थांबत नाही, हे त्याला ठाऊक होते. तळाच्या गाळात लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस आहे का ते पाहिले. तेल ओढणारी जाळी धुतली. नवा चेंबर बसवताना बोल्ट मधून कडेकडे, आलटून पालटून आवळले, आणि बेताने, कारण जास्त आवळले तर आटे जातात.

याला अंगमेहनत म्हणून हिणवणाऱ्याने यातला विचार मोजून दाखवावा!

आता बाबासाहेबांचे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी गव्हर्नर जनरलला अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. आपल्या मुलांना केवळ कायदा आणि कला शाखा पुरणार नाही, विज्ञान आणि तंत्राचे उच्च शिक्षण हवे, असे त्यात आहे. त्याचबरोबर सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, अशीही मागणी आहे. म्हणजे यंत्राच्या तेलाने माखलेले हात बाबासाहेबांना अपमानाचे वाटले नव्हते. जन्माने माथी मारलेले, सोडता न येणारे आणि मान हिरावणारे काम त्यांना अमान्य होते. गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत आणि रेल्वेत गेलेल्या आपल्या आजोबांनी हा फरक ओळखला होता. आज फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्याला तो का दिसत नाही?

पण नुसते कौतुक करून पोराचे पोट भरत नाही. त्याने हे काम एका गॅरेजमध्ये पाच वर्षे राबून शिकले. तिथे आधी चहा आणायचा, मग पाने पुसायचे, मग कधीतरी गाडीखाली शिरायला मिळायचे. हातात कागद नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या. मात्र दोन-तीन माणसांच्या गॅरेजवर या कायद्याची सक्ती नाही, आणि आपली पोरे नेमकी तिथेच शिकतात! राखीव जागा कागदावर आणि पोरगा गाडीखाली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेला तर पहिला प्रश्न आयटीआयचा. हात कोणी बघत नाही.

केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत अनुभवाने शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. तिला आरपीएल म्हणतात. आपल्या वस्त्यांत किती जणांना हे माहीत आहे? जातीच्या दाखल्यासाठी आपण तहसील कार्यालयाच्या चकरा मारतो, तशा या कागदासाठीही मारल्या पाहिजेत.

एक गोष्ट मात्र पोराला मी सुनावली. काढलेले तेल तो शेडमागे ओतणार होता. भुईगावात विहिरी आहेत, वसईची बावखले आहेत. ते तेल जमिनीत मुरून उद्या कुणाच्या तरी घागरीत येईल. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी पाणी नासवायचे का? वापरलेले तेल कायद्याने घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवर आली आहे. आता ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवले आहे, अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यायला. हातमोजेही आणले. हे तेल वर्षानुवर्षे कातडीला लागणे बरे नव्हे.

जयंती मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी एक विषय मांडणार आहे. डीजेच्या एका रात्रीच्या पैशातून घोड्यांच्या चार जोड्या आणि एक टॉर्क पाना घ्यावा आणि विहाराच्या कपाटात ठेवावा. लागेल त्याने सही करून न्यावा, काम झाले की आणून द्यावा. आपली कितीतरी पोरे आजही विटांच्या थप्पीवर गाडी टेकवून खाली शिरतात. त्या निवृत्त साहेबांनाही बैठकीचे निमंत्रण दिले आहे. येतो म्हणाले आहेत.